वर्तुळाचे क्षेत्रफळ : पाठाची मांडणी

वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा पाठ पुष्कळ वर्गांत सूत्रापासून सुरू होतो आणि सूत्रापाशीच संपतो. मुले ते तोंडपाठ म्हणतात. परंतु साडेतीन मीटर त्रिज्येच्या खळ्याचे क्षेत्रफळ विचारताच निम्मी मुले २२ हे उत्तर देतात. हे उत्तर कोठून आले, याचा शोध शिक्षकाने अवश्य घ्यावा. त्रिज्येचा वर्ग करण्याऐवजी मुलाने तिची दुप्पट केलेली असते, आणि हाती आलेली संख्या क्षेत्रफळाची नसून परिघाची असते. खळ्याभोवती किती दोर लागेल आणि खळे सारवण्यास किती जागा आहे, हे दोन प्रश्न त्याच्या मनात वेगळे झालेलेच नसतात.

म्हणून पाठाचा आरंभ अंगणात करावा. खुंटीला साडेतीन मीटरची दोरी बांधून मुलांकडूनच वर्तुळ आखून घ्यावे. कडेवरून एकाला चालवावे, तो परीघ. आतील सर्व जागा ते क्षेत्रफळ. मग या वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणारा चौरस आखावा. त्याची बाजू ७ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४९ चौरस मीटर. वर्तुळ त्याच्या आत असल्याने उत्तर ४९ हून कमीच असले पाहिजे. त्रिज्येऐवजी व्यास घेऊन १५४ काढणाऱ्या मुलाला आपली चूक येथे स्वतःच दिसते. आत बसणारा चौरस याच्या निम्मा, साडेचोवीसाचा. तेव्हा २२ हे उत्तरही टिकत नाही.

आता सूत्राची उपपत्ती. यासाठी ७ सेंटिमीटर त्रिज्येची कागदी चकती चार वेळा निम्म्याने दुमडावी म्हणजे सोळा सारख्या पाकळ्या पडतात. अर्ध्या चकतीला गेरूचा रंग द्यावा. पाकळ्या कापून रंगीत आणि कोऱ्या पाकळ्यांची टोके एकमेकींच्या फटींत बसवावीत. टोकाची एक पाकळी मधोमध कापून तिचा अर्धा भाग दुसऱ्या टोकाला लावला की आयतासारखी आकृती तयार होते. तिची रुंदी त्रिज्येइतकी, ७. लांबी अर्ध्या परिघाइतकी, सुमारे २२. गुणाकार १५४ चौरस सेंटिमीटर. अर्धा परीघ गुणिले त्रिज्या, यातूनच 'पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग' हे सूत्र निघते.

ही रीत परकी नाही. अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास हा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दिला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणावे असे सांगितले आहे, अर्थ तोच. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 'लीलावती'वरील 'बुद्धिविलासिनी' टीकेत (१५४५) वर्तुळाची दोन अर्धे कापून, उलगडून एकमेकांत गुंफण्याची हीच युक्ती दिली आहे.

एखादा चौकस मुलगा विचारील, "गुरुजी, कड तर वाकडीच आहे, मग हा आयत कसा?" या प्रश्नावर त्याला गप्प बसवू नये, साऱ्या पाठात याहून मोलाचा प्रश्न नाही. पातळ कागदाच्या बत्तीस पाकळ्या करून दाखवाव्यात. कड अधिक सरळ होते. पाकळ्या वाढवाव्या तितका फरक घटत जातो, परंतु अर्धा परीघ आणि त्रिज्या बदलत नाहीत. बावीस सप्तमांश ही किंमतही अगदी नेमकी नव्हे, व्यवहारापुरती आहे, हे येथेच सांगून टाकावे.

उदाहरणे निवडताना २ त्रिज्येचे वर्तुळ टाळावे. दोनाची दुप्पटही चार आणि वर्गही चार. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर येते व दोष झाकला जातो. त्रिज्या सदैव ७ च्या पटीतही देऊ नये. ५ सेंटिमीटर त्रिज्या व ३.१४ घेऊन ७८.५ चौरस सेंटिमीटर हे उत्तर मुलांकडून काढून घ्यावे.

जेथे मध्यबिंदू सापडत नाही अशी वस्तू शेवटी द्यावी. घरच्या कणगीभोवती दोरी गुंडाळून ती मोजता येते. दोरी ४.४ मीटर भरली, तर व्यास १.४, त्रिज्या ०.७, अर्धा परीघ २.२ आणि कणगीने व्यापलेली जागा १.५४ चौरस मीटर. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या घरचे माप वहीत लिहून आणावे.