नाताळचे नक्षत्र : कामट्या, कागद आणि खळ

भाताची कापणी उरकून शेते मोकळी होतात, तुळशीचे लग्न लागते, अंगणातील आकाशकंदील खाली उतरतो. आणि मग थोड्याच दिवसांत गोव्याच्या वाड्यावाड्यांतून दुसरा एक कंदील वर चढू लागतो. तो असतो पाच टोकांचा. ख्रिस्ती बांधवांच्या घरांच्या सोप्यावर, कधी माडाच्या झावळीआड, तर कधी आंब्याच्या फांदीला तो डिसेंबरभर तेवत राहतो. आमच्या घरच्या कोकणी बोलीत त्याला ‘नखेत्र’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपले ‘नक्षत्र’च. ‘नाताळ’ हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा संबंध जन्माशी आहे. येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने वाट दाखविली, अशी कथा मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. तोच हा तारा.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, येथे राहून मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत रचिले. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. म्हणजे ही कथा आपल्या ओवीत येऊन चारशेहून अधिक वर्षे लोटली.

आजच्या लेखात मात्र आम्ही तुम्हांस वाङ्मय शिकविणार नाही. हे नक्षत्र आणि त्याच्यासोबत झाडावर टांगावयाची शोभेची लेणी हातांनी कशी करावी, ते सांगणार आहोत. असे का सांगावेसे वाटले, ते आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात आमची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात नाताळचा छोटासा समारंभ करावयाचे ठरविले. प्रत्येकाकडून वर्गणी घेतली आणि बाजारातून चकाकणारे गोळे, प्लॅस्टिकची नक्षत्रे, सोनेरी झिरमिळ्या असे पुष्कळ सामान आणले. वर्ग सुंदर सजला. पाहुण्यांनी कौतुक केले. मात्र त्या दिवशी दोन विद्यार्थी गैरहजर होते. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा दोघांनीही ताप आल्याचे सांगितले. खरे कारण पुढे आठवडाभराने समजले. वर्गणी देता आली नाही, म्हणून ते घरी राहिले होते. त्या दोघांपैकी एक मुलगा ख्रिस्ती होता. ज्याच्या घरचा सण आम्ही साजरा करीत होतो, त्यालाच आम्ही दाराबाहेर ठेविले होते.

पुढील वर्षी आम्ही वर्गणी घेतली नाही. ‘बाजारातून काहीही आणावयाचे नाही, घरी जे पडून आहे तेच आणावे,’ एवढेच सांगितले. तेव्हा तो मुलगा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘सर, आमच्या आजोबांना नखेत्र बांधता येते. मलाही येते.’ त्या दिवशी फळ्यापुढे तो उभा राहिला आणि आम्ही बाकावर बसलो. पुढील कृती त्याच्याकडूनच आम्ही शिकलो. आकडेमोड तेवढी आमची आहे.

नक्षत्राची बांधणी

साहित्य फार थोडे लागते. बांबूच्या दहा पातळ, लवचीक कामट्या, प्रत्येकी ६२ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटरांचे पाच आखूड तुकडे, बळकट दोरा, पतंगाचा कागद, आणि खळ. दिवाळीच्या मोडक्या आकाशकंदिलाच्या कामट्या या लांबीच्या निघाल्या, तर त्याच वापराव्या. कामट्या तासण्याचे काम वडील माणसांकडून करवून घ्यावे. कामटीच्या कडा बोटाला लागतात, म्हणून त्या काचकागदाने घासून घ्याव्या.

खळ अशी करावी. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा. मग आणखी चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत राहावे. मिश्रण दाट व अर्धपारदर्शक झाले की उतरावे. चिमूटभर तुरटीची पूड घातल्यास खळ लवकर आंबत नाही. खळ गार झाल्यावरच वापरावी, कारण गरम खळीने पतंगाचा कागद फाटतो.

आता प्रत्येक कामटीवर पेन्सिलीने चार खुणा कराव्या : एका टोकापासून १, २४, ३८ आणि ६१ सेंटिमीटरांवर. म्हणजे मधल्या ६० सेंटिमीटरांचे २३, १४ आणि २३ असे तीन भाग पडतात. दोन्ही टोकांचा एकेक सेंटिमीटर गाठीसाठी सोडलेला आहे. पाच कामट्या जमिनीवर अशा मांडाव्या की त्यांची टोके बाहेरच्या खुणांवर जुळून पाच कोन होतील आणि आतील खुणा एकमेकींवर येऊन मध्ये पंचकोन तयार होईल. प्रत्येक कामटी एकीच्या वरून व दुसरीच्या खालून जावी, म्हणजे चौकट घट्ट बसते. पाच टोकांना आणि आतील पाच छेदनबिंदूंना दोऱ्याने बांधावे. अशाच दुसऱ्या पाच कामट्यांची दुसरी चौकट करावी.

दोन्ही चौकटी एकीवर एक ठेवून फक्त पाच टोके एकत्र बांधावी. नंतर आतील प्रत्येक छेदनबिंदूपाशी दोन चौकटींच्या मध्ये १२ सेंटिमीटरांचा एकेक तुकडा उभा बसवून दोन्ही बाजूंनी बांधावा. कामट्या वाकतात आणि सपाट असलेले नक्षत्र एकदम पोट धरून उभे राहते. हा क्षण पाहण्यासारखा असतो. एका चौकटीच्या दहा, दुसरीच्या दहा, टोकांच्या पाच आणि तुकड्यांच्या दहा, अशा एकूण पस्तीस गाठी होतात. त्यांपैकी एक जरी सैल राहिली, तरी नक्षत्र तिरके दिसते. आमचे पहिले नक्षत्र तिरकेच झाले. त्या मुलाने काही न बोलता आमच्या तीन गाठी सोडून पुन्हा बांधल्या.

२३ आणि १४ हेच आकडे का, असे जिज्ञासू विद्यार्थी विचारील. नियमित पंचकोनाच्या सर्व कर्णांनी जी चांदणी बनते, तिची प्रत्येक रेषा अशाच प्रमाणात छेदली जाते. मोठ्या भागाला लहान भागाने भागिले असता सुमारे १.६१८ हा आकडा येतो. यासच सुवर्णगुणोत्तर म्हणतात. ६० सेंटिमीटरांसाठी अचूक भाग सुमारे २२.९, १४.२ आणि २२.९ येतात, आम्ही सोयीसाठी पूर्ण आकडे घेतले. नक्षत्र मोठे करावयाचे असल्यास लांबीला ०.३८२ ने गुणावे, म्हणजे टोकाकडील भाग मिळतो. ९० सेंटिमीटरांच्या कामटीस ३४.४, २१.२ आणि ३४.४ असे भाग पडतील. भूमितीच्या तासाला ज्यांना झोप येते, त्यांनी हे गणित कामटीवर करून पाहावे.

कागदाचे एकूण बावीस तुकडे लागतात. पुढच्या व मागच्या पाकळ्यांसाठी २३, २३ आणि १४ सेंटिमीटर बाजूंचे दहा समद्विभुज त्रिकोण. कडांसाठी २३, २३ आणि १२ सेंटिमीटरांचे दहा. आणि मध्यासाठी १४ सेंटिमीटर बाजूचे दोन पंचकोन. प्रत्येक बाजूस एक सेंटिमीटर कागद जास्त ठेवून तो कामटीवर दुमडून चिकटवावा. मागच्या पंचकोनाच्या तीनच बाजू चिकटवाव्या. उरलेल्या बाजूंनी दिवा आत सोडता येतो. कागदाच्या नक्षत्रात मेणबत्ती किंवा पणती कधीही ठेवू नये. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्बही फार तापतो. लहान एलईडी दिवा उत्तम. तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली जोडावा.

झाडावरची लेणी

थंड देशांत नाताळसाठी फर किंवा स्प्रूस जातीचे झाड घरात आणतात. ही चाल मुख्यतः जर्मनीची. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब अशा झाडाभोवती उभे असलेले चित्र प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडात ही चाल घरोघरी पसरण्यास त्याने मोठा हातभार लाविला. झाडावरचे काचेचे गोळे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या काचकामाच्या गावी एकोणिसाव्या शतकात होऊ लागले. तेथे ते घराघरांत, कुटुंबातील सर्वांच्या हातांनी तयार होत. आज बाजारात जी लेणी यंत्रावर तयार होऊन येतात, त्यांचे पूर्वज असे घरगुतीच होते.

आपल्याकडे किनाऱ्यावरचे सुरूचे झाड त्या जागी येते. दिसावयास ते सूचिपर्णी वाटते; पण ते खरे सूचिपर्णी नव्हे. ज्यांना आपण त्याच्या सुया समजतो त्या बारीक, सांधेदार डहाळ्या असतात, आणि त्याची खरी पाने त्या सांध्यांपाशी सूक्ष्म खवल्यांसारखी असतात. समारंभासाठी झाड तोडू नये. परवानगीने छाटलेली एक फांदी कुंडीत ओल्या वाळूत रोवली, तरी काम भागते. खाली पडलेली सुरूची लहान बोंडे वेचून, त्यांवर खडूची पूड व खळ लावून दोऱ्याने बांधली, की पांढऱ्या फुलांसारखी दिसतात.

मुख्य लेणे म्हणजे लग्नपत्रिकांचा गोळा. प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिका असतात. त्यांचा जाड, रंगीत कागद यास फार चांगला. कंपासने २ सेंटिमीटर त्रिज्येची वीस वर्तुळे काढून कापावी. त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करून एकाआड एक खुणा जोडल्या, की आत समभुज त्रिकोण मिळतो. असा एक त्रिकोण पुठ्ठ्याचा कापून ठेविला, तर प्रत्येक वर्तुळावर तो ठेवून रेषा मारता येतात. तिन्ही रेषांवर कागद बाहेरच्या अंगास दुमडावा. म्हणजे तीन लहान पाळ्या उभ्या राहतात.

आता पाच वर्तुळांच्या पाळ्या एकमेकींना चिकटवून टोपी करावी. तशीच दुसरी टोपी करावी. उरलेली दहा वर्तुळे एक सुलटे, एक उलटे अशी ओळीने चिकटवून त्यांचे कडे करावे. कड्याच्या वर एक टोपी आणि खाली एक टोपी बसविली, की सुमारे साडेसहा सेंटिमीटर उंचीचा गोळा होतो. वरच्या टोकातून शेवटची टोपी चिकटविण्यापूर्वीच दोरा ओवून आत गाठ मारावी. वीस पृष्ठे, तीस कडा आणि बारा शिरोबिंदू असलेल्या या आकृतीस भूमितीत विंशतिफलक म्हणतात. तीस ठिकाणी खळ लागते. म्हणून उतावळ्याचे हे काम नव्हे. एका जोडास वाळावयास वेळ दिल्याशिवाय दुसऱ्यास हात लावू नये.

एका शाळेतील भूमितीचा तास

शाळेत असली कामे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे काही पालकांस वाटते. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. जर्मनीत नीस्की या गावी मोरेव्हियन पंथाची निवासी शाळा होती. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांना भूमिती समजावी म्हणून कागदाचे अनेक टोकांचे तारे करवून घेत. ती मुले ते तारे करण्याची कला घरी घेऊन गेली. त्याच परंपरेतील तारा आज हेर्नहुट या गावी तयार होतो आणि जगभर जातो. त्याचा गाभा अठरा चौरस आणि आठ त्रिकोण अशा सव्वीस पृष्ठांचा असतो. एक पृष्ठ टांगण्यासाठी सोडून उरलेल्या पंचवीस पृष्ठांवर पंचवीस टोके बसतात. एका वर्गातील पाठ अशा रीतीने हजारो घरांचा दिवा झाला.

आमच्या वर्गात त्या वर्षी चार नक्षत्रे व सव्वीस गोळे झाले. विकत आणलेल्या सामानाइतके ते चकाकत नव्हते. एका गोळ्यावर ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे उलटी आली होती, आणि एका नक्षत्राला निळा कागद संपल्यामुळे एक पाकळी हिरवी होती. समारंभाला मात्र सर्वजण हजर होते. हिंदू मुलांनी नखेत्र बांधले. आणि पुढील दिवाळीत त्याच ख्रिस्ती मुलाने आमच्या वर्गाचा आकाशकंदील बांधून दिला. कामट्या त्याच होत्या; कागद तेवढा नवा होता.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. येत्या डिसेंबरात एक संध्याकाळ मुलांसोबत जमिनीवर बसावे. घरात आजोबा-आजी असल्यास त्यांना बोलवावे; त्यांच्या बोटांना काही गाठी ठाऊक असतात, त्या त्यांच्याबरोबर जाऊ नयेत. आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गात नक्षत्र टांगाल तेव्हा दिव्याची कळ दाबण्यापूर्वी बाकांवर एक नजर टाकावी. कोणाची जागा रिकामी असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन यावे. दिवा तोवर थांबेल.