दोन पातळ थर, मध्ये हलका गाभा



किराणा दुकानाबाहेर पडलेले पुठ्ठ्याचे एखादे रिकामे खोके फाडून पाहा. बाहेर दोन साधे कागद आणि मध्ये नागमोडी वळवलेला तिसरा कागद, एवढेच त्यात असते. तिन्ही कागद सुटे केले तर हाताने सहज फाटतात. एकत्र चिकटवले की त्याच खोक्यातून वीस-पंचवीस किलो माल गावोगाव जातो. आजच्या पाठाचे सूत्र एवढेच आहे. विमान, जहाज, आगगाडी आणि थंड मालाचा ट्रक बनवणारे अभियंते हेच सूत्र वापरतात. या रचनेला सँडविच रचना म्हणतात.

आधी एक प्रयोग करू. दोन पुस्तके थोड्या अंतरावर ठेवा आणि त्यांवर दोन पोस्टकार्डे एकावर एक अशी आडवी टाका. मधोमध एकेक नाणे ठेवत जा. थोड्याच नाण्यांत कार्डे वाकतील. आता त्याच मापाचा, एक सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोलचा तुकडा घ्या. त्याच्या वर एक आणि खाली एक कार्ड फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाणी ठेवा. कार्डे तीच, वजन जेमतेम वाढलेले, पण भार कितीतरी जास्त पेलला जाईल. (रबर सोल्यूशनसारखा गोंद वापरू नका. त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतो.)

असे का होते? फळी वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या भागावर दाब किंवा ताण फारसा येतच नाही. म्हणजे मजबूत आणि जड पदार्थ दोन्ही कडांना हवा. मध्ये हलका पदार्थ चालतो. पुलाच्या लोखंडी गर्डरचा आकार इंग्रजी 'आय' अक्षरासारखा असतो, तोही याच कारणाने. मधल्या गाभ्याकडे दोन कामे असतात : दोन्ही थर एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणे आणि त्यांना एकमेकांवरून सरकू न देणे.

गणिताने पाहू. भरीव पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. २ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर २ चा घन ८. आता त्याच पत्र्याचे १ मिलिमीटरचे दोन थर केले आणि मध्ये २ मिलिमीटरचा हलका गाभा घातला. एकूण जाडी ४ झाली. ४ चा घन ६४, त्यातून गाभ्याचा घन ८ वजा केला, उरले ५६. म्हणजे ताठपणा ७ पट! गाभा ६ मिलिमीटरचा केला तर ५१२ वजा २१६, म्हणजे २९६. हा ताठपणा ३७ पट झाला. धातू मात्र तेवढाच लागला. (गाभ्याचा स्वतःचा ताठपणा आपण इथे सोडून दिला आहे.)

वाहनाच्या बाबतीत याचे मोल फार आहे. गाडी सामानाबरोबर स्वतःचे वजनही प्रत्येक फेरीत वाहते. तेवढ्या वजनाला वेग द्यायला, चढावर चढवायला आणि ब्रेक लावून थांबवायला दर वेळी ऊर्जा लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' विमानाने नोव्हेंबर १९४० मध्ये पहिले उड्डाण केले. त्याचा सांगाडा बर्च लाकडाच्या पातळ थरांमध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड घालून बनवला होता. आजच्या प्रवासी विमानात आपण ज्या जमिनीवर पाय ठेवतो तिच्या आत बहुधा मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी असते. दूध-भाजी नेणाऱ्या शीतवाहनाच्या भिंतींत फोमचा गाभा असतो. तो भिंत हलकी ठेवतो आणि बाहेरची उष्णताही अडवतो.

आपल्या माणसांचे उदाहरण हवे असेल तर गोव्याकडे पाहा. तिथल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजबांधणी कारखान्यात नौदलाची 'तारिणी' ही सुमारे ५५ फुटी शिडाची नौका बांधली गेली. तिचा सांगाडा म्हणजे लाकडाचा गाभा आणि त्याच्या आतबाहेर काचतंतूंचे थर. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ती घेऊन गोव्याहून निघाल्या. पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी त्या परतल्या. दक्षिण महासागराच्या प्रचंड लाटा आणि त्या सहा जणी यांच्यामध्ये आठ महिने हीच सँडविच भिंत उभी होती.

पण या रचनेचा एक कच्चा दुवा आहे, तो म्हणजे जोड. थर आणि गाभा यांची पकड सुटली की ३७ पटीचे गणित कोसळते आणि दोन दुबळे पत्रे हाती उरतात. ६ मार्च २००५ रोजी क्युबातील वरादेरोहून निघालेल्या एअरबस ए-३१० विमानाचे सुकाणू हवेतच तुटून गेले. ते अशाच सँडविच रचनेचे होते. आतली पकड सुटली किंवा गाभा तुटला असावा, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. वैमानिकांनी विमान परत सुखरूप उतरवले, पण धडा मोठा मिळाला. हा दोष बाहेरून दिसत नाही. म्हणून तपासनीस नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पृष्ठभागावर टकटक करतात आणि आवाज बद्द आला की तिथे खूण करतात. मोठ्या तपासणीसाठी अल्ट्रासाउंड यंत्रे वापरतात. मडके घेताना आजी ते वाजवून पाहते ना, तेच शास्त्र!

आपल्या धार जिल्ह्यातच पीथमपूर आहे. तिथे वाहनांचे कारखाने आहेत आणि जून २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी मार्गही आहे. सरदारपुरातून तिथे काम करायला जाणाऱ्या मुलामुलींना हे ज्ञान उपयोगी पडेल. पण एक लक्षात ठेवा. गोंद लावण्याआधी पृष्ठभाग नीट पुसला की नाही, हे नंतर कुणालाच दिसत नाही. ते फक्त पुसणाऱ्याला माहीत असते, आणि प्रवाशाचा जीव त्यावर असतो.

स्वाध्याय
१. गाभा ४ मिलिमीटरचा घेतला तर ताठपणा किती पट होईल?
२. वरील प्रयोग गोंद न लावता करून पाहा. काय फरक पडला, ते लिहा.
३. घरात सँडविच रचनेच्या तीन वस्तू शोधा. (सूचना : एखादे हलके दार वाजवून पाहा.)