कडू दुधीचा रस : धोका आणि खबरदारी

दुधी भोपळा ही काकडी, दोडका, पडवळ आणि कारले यांच्या कुळातील फळभाजी. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते, उष्मांक अगदी कमी असतात आणि ती पचायला हलकी असते. आजारातून उठलेल्या माणसाच्या पानात दुधीची भाजी असते ती यामुळेच. अलीकडे मात्र वजन, मधुमेह आणि हृदयविकार यांवरचा उपाय म्हणून दुधीचा कच्चा रस सकाळी उपाशीपोटी पिण्याची सवय घरोघरी पोहोचली आहे. बहुतेक दुधी निरुपद्रवी असतात. एखादा कडू निघतो आणि त्याचा रस जिवावर बेतू शकतो.

हा कडूपणा कुकर्बिटासिन या संयुगांमुळे येतो. किडी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचावासाठी या कुळातील वनस्पती ती तयार करतात. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या गोड फळांचेच बी राखल्यामुळे लागवडीच्या वाणांत त्यांचे प्रमाण नगण्य झाले. तरीही पाण्याचा ताण किंवा कडक ऊन पडले की ते वाढू शकते. परसातल्या वेलाचा रानटी कडू वेलाशी संकर झाल्यास त्या बियांपासून पुढच्या हंगामात कडू फळे धरतात. रंग, आकार किंवा ताजेपणा यांवरून कडू दुधी ओळखता येत नाही. आयुर्वेदाला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कडू भोपळ्यावर ‘इक्ष्वाकु’ या नावाने स्वतंत्र अध्याय आहे. तिथे तो वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी सांगितला आहे.

विषबाधेची लक्षणे काही मिनिटांपासून काही तासांत दिसू लागतात. पोटात मुरडा, मळमळ, उलट्या आणि जुलाब यांनी सुरुवात होते. जठराच्या आणि लहान आतड्याच्या अस्तराला जखमा झाल्यास रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. प्रस्तुत लेखकाच्या घरातील एका ज्येष्ठांच्या बाबतीत हाच क्रम दिसला. ते नियमाने रस घेत. एका सकाळी तो कडू लागला, पण औषध कडूच असते या समजुतीने पेला संपवला गेला. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ उलटीत रक्त दिसले, हातपाय गार पडले. त्यांना तातडीने अतिदक्षता विभागात हलवावे लागले. वेळेत सलाईन आणि उपचार मिळाल्याने ते वाचले.

सर्वांनाच हे भाग्य लाभत नाही. २०१० मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञांचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. तोच रस प्यायलेल्या त्यांच्या पत्नी उपचारांनंतर वाचल्या. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि कडू रस मुळीच पिऊ नये, असे बजावले.

भाजीपेक्षा रस अधिक घातक ठरण्याची कारणे साधी आहेत. एका पेल्यात बरेच फळ पिळले जाते आणि ते रिकाम्या पोटी एका दमात पोटात जाते. भाजी कडू लागली तर घास थुंकला जातो. रसात मात्र आवळा, पुदिना, लिंबू किंवा मध घातल्याने चव झाकली जाते. कारल्याबरोबर तर दुधीचा कडूपणा कळतच नाही. शिजवल्याने हे विष भरवशाने नष्ट होत नाही. २०१५ मध्ये जर्मनीत परसातली कडू झुकिनी शिजवून खाल्ल्याने एका वृद्धाचा मृत्यू झाला होता.

म्हणून दुधी चिरताना प्रत्येक फळाची एक लहान फोड जिभेवर ठेवून पाहावी. जरासाही कडवटपणा जाणवल्यास ती थुंकून चूळ भरावी आणि सबंध दुधी टाकून द्यावा. कडू भाग कापून उरलेला वापरू नये, गुरांपुढेही टाकू नये. रस घ्यायचाच असेल तर घरी, चाखलेल्या दुधीचा, ताजा आणि दुसरा कोणताही रस न मिसळता घ्यावा. पहिला घोट कडू लागताच पेला खाली ठेवावा. बाहेर तयार मिळणारा रस टाळावा, कारण त्यातला दुधी कोणी चाखला होता का, हे कळत नाही. परसात कडू फळ धरणाऱ्या वेलाचे बी राखू नये.

रसानंतर उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि कडू दुधीचा रस घेतल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. या विषावर उतारा नाही. शिरेतून द्रव, आम्ल कमी करणारी औषधे आणि रक्तदाबावर सतत लक्ष, एवढेच उपचार हाती असतात आणि ते जितके लवकर मिळतील तितके चांगले. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराच्या गोळ्या रसाच्या भरवशावर बंद करू नयेत. दुधीचे पोषण हवे असेल तर हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवलेली भाजी पुरेशी आहे. रस गाळताना निघून जाणारा चोथाही तीत पोटात जातो.