सुपरहीरोंच्या खेळात हिशेब कशाचा?

भूमिकाखेळ हा प्रकार आपल्याकडे अजून फारशा जणांच्या परिचयाचा नाही, म्हणून आधी त्याविषयी थोडेसे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. जग, खलनायक आणि वाटेत भेटणारी माणसे त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करते ते तोंडाने सांगतात. बेत साधेल की फसेल याची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने हा खेळ छापून बाजारात आणला. १९७७ मध्ये ‘सुपरहीरो २०४४’ निघाला आणि अंगरखेवाले वीरही टेबलावर आले. त्यानंतर इतक्या नियमपद्धती निघाल्या आहेत, की नव्या गटाने कोणती घ्यावी हाच एक अभ्यासाचा विषय होऊन बसला आहे.

आमच्या गटापुढे हा प्रश्न आला तेव्हा पहिली चर्चा शक्तींच्या यादीवर झाली. कोणत्या पुस्तकात उडता येते, कोणत्यात भिंतीतून जाता येते, वगैरे. माझ्या मते हा मुद्दा गौण आहे, कारण उडणे सगळीकडेच असते. विचारायला हवे ते असे : हा खेळ हिशेब कशाचा ठेवतो? कोणत्या कृतीला तो मोबदला देतो आणि कोणत्या कृतीला दंड करतो? ज्याला गुण मिळतात तेच खेळाडू करू लागतात. परीक्षेला बसणाऱ्या मंडळींना हे निराळे सांगायला नको.

म्हणून मी एकच प्रसंग घेतला आणि प्रत्येक पद्धतीला तो लावून पाहिला. खलनायक पळतो आहे. पुलाच्या कठड्यावरून शाळेची बस लोंबकळते आहे. आणि नायकाने त्याच संध्याकाळी आजारी मावशीला दवाखान्यात नेण्याचे कबूल केले आहे. या तिन्हींपैकी कशाची किंमत नियमांच्या पुस्तकात लिहिलेली आहे?

१९८४ साली जेफ ग्रब यांनी टीएसआर कंपनीसाठी रचलेल्या ‘मार्व्हल सुपर हीरोज’चे उत्तर सर्वांत स्वच्छ आहे. त्यात शंभरातला एक आकडा फाशांनी काढायचा आणि एका रंगीत तक्त्यात पाहायचा. पांढरा रंग म्हणजे अपयश. हिरवा, पिवळा आणि तांबडा म्हणजे चढत्या क्रमाने यश. लढाई, उडी, शोध, सगळ्याला हा एकच तक्ता. पण खेळाचा प्राण तक्त्यात नाही, ‘कर्मा’ नावाच्या गुणांत आहे. नाव आपलेच, आणि कल्पनाही चित्रगुप्ताच्या वहीची आठवण करून देणारी. गुन्हा थांबवला, लोकांना वाचवले, की कर्म जमा होते. दिलेला शब्द पाळला तरी जमा आणि मोडला तर वजा. म्हणजे मावशीचीही वहीत नोंद आहे. हेच कर्म खर्चून फाशाचा आकडा वाढवता येतो. नायकाने कोणाचा जीव घेतला, तर मात्र सगळी शिल्लक शून्य! एवढ्या एका नियमाने खेळाडूंची भाषा बदलते. ‘याला संपवू’ म्हणणारा ‘याला बांधू कसा?’ असे विचारू लागतो.

त्याआधीचा, १९८१ चा ‘चँपियन्स’ हा हिशेबी वृत्तीच्या माणसांचा खेळ. यात पात्र विकत घ्यायचे असते; प्रत्येक शक्तीला गुणांत किंमत. जास्त गुण हवे असतील तर उणिवा पत्करायच्या : मागावर असलेला शत्रू, अवलंबून असलेले नातेवाईक, न मोडता येणारी शपथ. मावशीचे मोल इथे सुरुवातीलाच पदरात पडते. ही झाली उचल. एकदा उचल घेतली की खेळाडूला मावशीचा विसर पडतो, आणि तिला वारंवार आजारी पाडण्याचे काम सूत्रधाराच्या गळ्यात येते. लढाईत बारा सेकंदांचे बारा तुकडे पाडलेले. ज्याचा वेग चार तो तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या तुकड्यात हालचाल करणार. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला नेम लागण्यासाठी तीन फाशांची बेरीज अकरा किंवा कमी यावी लागते, म्हणजे २१६ पैकी १३५ वेळा. गणित सुंदर आहे, पण एका मारामारीत अख्खी संध्याकाळ जाते.

स्टीव्ह केन्सन यांच्या ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ची पहिली आवृत्ती २००२ मधली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत उचलीऐवजी रोजंदारी आली. मावशीचे दुखणे ज्या दिवशी खरोखर आडवे येते, त्याच दिवशी खेळाडूला एक ‘हीरो पॉइंट’ मिळतो आणि तो अडचणीच्या वेळी खर्चता येतो. परिणाम असा, की खेळाडू स्वतःच सूत्रधाराला आठवण करून देतो, ‘अहो, आज मावशीचा फोन नाही आला?’ नियमातला बदल लहान, पण वागण्यात केवढा फरक!

एक अडचण मात्र मावशीने सुटत नाही. दुसऱ्या एका गटात मी पाहिले होते, की एकाचे पात्र डोंगर उचलणारे आणि दुसऱ्याचे नुसते चपळ. दुसरा मुलगा दोन तास गप्प बसला आणि पुन्हा आला नाही. गट फुटतात ते असे. १९८५ च्या ‘डीसी हीरोज’ने यावर दुपटीची युक्ती काढली. गुण एकाने वाढला की सामर्थ्य दुप्पट. म्हणजे दहा गुणांचा फरक १०२४ पटींचा. त्यामुळे सुपरमॅन आणि बॅटमॅन एका कागदावर मावतात, पण म्हणून ते एका टेबलावर सुखाने नांदतात असे नाही. केन्सन यांनी वरून मर्यादा घातली. दहाव्या पातळीवर नेम आणि घाव यांची बेरीज विसाच्या वर जाऊ द्यायची नाही. डोंगर उचलणाऱ्याचा नेम चुकतो, चपळाचा चुकत नाही. त्या मुलाला ही पद्धत मिळाली असती तर तो टिकला असता, असे मला वाटते.

जाता जाता १९७९ च्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज’चा उल्लेख. त्यात खेळाडूने स्वतःलाच नायक करायचे असते; आपले बळ आणि बुद्धी किती, हे गटाने मिळून ठरवायचे. मैत्री टिकवायची असेल तर वर्गमित्रांनी या वाटेला जाऊ नये.

‘मास्क्स’ हा ब्रेंडन कॉनवे यांचा २०१६ चा खेळ अगदी वेगळ्या जातीचा. यातले नायक ऐन विशीच्या अलीकडचे. बळाचा आकडाच नाही! आकडे आहेत ते स्वतःकडे आपण कसे पाहतो याचे : तारणहार, धोकादायक, श्रेष्ठ, विचित्र, सामान्य. ज्याचा आपल्यावर पगडा आहे असे कोणी म्हणाले, ‘तू सगळ्यांना संकटात घालतोस’, आणि आपण ते मानले, तर एक आकडा वर जातो, दुसरा खाली येतो. मोठ्या माणसांचा पगडा सुरुवातीपासूनच धरलेला असतो. हा नियम अमेरिकेत सुचला याचे मला नवल वाटले. मार बसला की रक्त मोजत नाहीत. भीती, राग, अपराधीपणा, निराशा, आत्मविश्वास डळमळणे, यांपैकी एकावर खूण करतात. दोन फाशांची बेरीज सहा किंवा कमी आली तर बेत फसतो, पण पात्राच्या अनुभवात एकाची भर पडते. पुलावरची बस इथे वाचेलही. प्रश्न उरतो तो दवाखान्यात मावशी काय बोलेल, आणि ते आपण मनाला लावून घेऊ का, हा.

आमच्या गटात कॉमिक्स न वाचलेले तिघे आहेत आणि आकडेमोडीची आवड एकालाच. म्हणून मी ‘मास्क्स’च्या बाजूने मत दिले. ज्यांना लढाईच हवी त्यांनी केन्सन यांच्याकडे जावे. सूत्रधार नवखा असेल तर १९८४ चा रंगीत तक्ता अजूनही उत्तम. त्याची छपाई कधीच थांबली असली तरी जुनी प्रत कोणाकडे मिळाल्यास सोडू नये.

राहता राहिले फासे. ‘मास्क्स’ला सापशिडीच्या डब्यातले दोन पुरतात. केन्सन यांना वीस बाजूंचा फासा लागतो, तो मागवावा लागेल. शंभरातला आकडा काढायला दहा बाजूंचे दोन हवेत. ते नसतील तर शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या पिशवीत घालून दोनदा काढाव्यात. पहिली चिठ्ठी पाहून झाली की परत पिशवीत टाकायची, नाहीतर ११, २२, ३३ हे आकडे कधी यायचेच नाहीत.