अंगठ्यामागची बधिरता

काही महिन्यांपूर्वी विडी घरकुलातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. उजव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येत, सुया टोचल्यासारखे होई आणि तो भाग बधिर होत चालला होता. तक्रार एवढीच, पण डोळ्यांत पाणी होते. शेजारणीने ‘ही महारोगाची सुरुवात’ असे सांगितले आणि तेव्हापासून घरात त्यांचे ताट वेगळे वाढले जात होते.

वाचकहो, हे दुखणे समजण्यासाठी हाताची थोडी रचना पाहू. काखेतून निघालेला एक मोठा मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून कोपराच्या पुढे येतो. तिथे त्याच्या दोन शाखा होतात. एक खोल शिरून बोटे उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. दुसरी स्नायूंना कसलाच हुकूम देत नाही. ती फक्त कातडीची खबर मेंदूकडे पोचवते. अंगठ्याच्या बाजूने, एका लांब स्नायूखाली दडून ती खाली येते आणि मनगटाच्या सुमारे ८ ते ९ सेंटिमीटर वर दोन स्नायूंच्या दोऱ्यांमधील फटीतून कातडीखाली बाहेर पडते. पुढे ती अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाच्या पाठीकडे पसरते. इथे मांसाची गादी नाही. शिवाय तळहात पालथा केला की त्या दोन दोऱ्या कात्रीच्या पात्यांसारख्या जवळ येतात.

बाईंच्या पाटल्या मनगटावर नव्हत्या. पाने कापताना कात्रीच्या आड येतात म्हणून त्यांनी त्या वर सरकवून घट्ट बसवल्या होत्या, नेमक्या त्या फटीवर! तिथे टिचकी मारताच अंगठ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. अंगठ्याची ताकद मात्र शाबूत होती. १९३२ साली वार्टेनबर्ग या डॉक्टरांनी हा विकार वर्णन केला. घड्याळाचा घट्ट पट्टा किंवा कडे यांनीही तो होतो.

तरीही मी सर्वांगावर चट्टा शोधला, कोपरामागचा व मनगटावरचा मज्जातंतू बोटांनी चाचपला. कारण कुष्ठरोगात मनगटावरची हीच शाखा दोरीसारखी जाड होऊ शकते. तसे काही सापडले नाही. फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा कुणाला असेल तर लाज न धरता सरकारी दवाखाना गाठावा. औषधे मोफत मिळतात आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात. एका पंगतीत जेवल्याने हा रोग लागत नाही, हे मी बाईंच्या यजमानांना बोलावून दोनदा सांगितले.

तळहाताकडून बोटे बधिर होत असतील, विशेषतः रात्री, तर तो मज्जातंतू निराळा. त्याविषयी पुढे कधीतरी.

बाईंनी पाटल्या काढल्या, तेल लावून चोळणेही थांबवले. मुंग्या तीन आठवड्यांत कमी झाल्या. बधिरता जायला मात्र अडीच महिने लागले.