दहावीची पुस्तकं रद्दीत घालू नकोस

अगं, निकाल लागला की घरातल्यांना माळा रिकामा करायची घाई होते. बाकी काय द्यायचं ते दे, विज्ञानाची दोन्ही पुस्तकं मात्र ठेव. अकरावीला पहिल्याच आठवड्यात सर 'मायटोकॉन्ड्रिया' म्हणतील, इंग्रजी माध्यमातून आलेली शेजारीण मान डोलावेल आणि तुला वाटेल, आपल्याला यातलं काहीच येत नाही. येतं गं. तू त्याला तंतुकणिका म्हणतेस, एवढंच.

आणि तुझाच शब्द जास्त बोलका आहे. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये हे नाव ठेवलं ते ग्रीकमधून उचलून. 'मिटोस' म्हणजे धागा, 'कॉन्ड्रिऑन' म्हणजे बारीक कण. झाली की तंतुकणिका! शेजारीण ते नाव घोकते, तुला अर्थासकट मिळालंय. हाच 'मिटोस' मायटोसिसमध्येही आहे. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांसारखी दिसतात, म्हणून आपण सूत्री विभाजन म्हणतो. मायोसिस म्हणजे कमी होणं. माणसाच्या पेशीतली ४६ गुणसूत्रं तिथे २३ वर येतात. दोन्ही नावांत फरक एका 'ट'चा आणि परीक्षेत गफलत नेमकी तिथेच होते. 'ट' दिसला की धागा आठव.

असे तुकडे जमवायची एकदा गोडी लागली ना, की पाठांतर निम्म्याने हलकं होतं. 'लायसिस' म्हणजे सुटं होणं, विघटन. हायड्रोलायसिसमध्ये पाण्याच्या साहाय्याने, ग्लायकोलायसिसमध्ये ग्लुकोजचं, हिमोलायसिसमध्ये तांबड्या रक्तपेशींचं. आपली लयकारिका म्हणजे लायसोसोम, तीही याच कुळातली. सगळीकडे मात्र असं जुळत नाही. क्रोमोसोमचा मूळ अर्थ 'रंगीत काया', कारण ती रंगद्रव्य चटकन धरतात. आपण कामावरून गुणसूत्र म्हटलं. तिथे ओढूनताणून नातं लावत बसू नकोस.

खरा घोळ कुठे आहे सांगू? आपल्याच बोलण्यात. श्वासोच्छ्वास आणि श्वसन आपण एकच समजतो. नाकाने हवा आत-बाहेर करणं हा श्वासोच्छ्वास, ब्रीदिंग. पेशीच्या आत ग्लुकोजमधून ऊर्जा मोकळी होते ते पेशीश्वसन, सेल्युलर रेस्पिरेशन. झाडाला फुप्फुसं नाहीत, तरी त्याच्या पेशींत श्वसन चालू असतं, दिवसा आणि रात्रीही. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन' हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं. काकांनी सांगितलं तरी उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. युरेटर आणि युरेथ्रा ही अशीच जोडगोळी. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येतात ते दोन युरेटर, मूत्राशयातून बाहेर जाते ती एकच युरेथ्रा.

आणि हो, यूट्यूबवरचे हिंदी व्हिडिओ बघशील तेव्हा जरा जपून. आपली पेशी तिकडे 'कोशिका' असते आणि तिकडची 'पेशी' म्हणजे आपला स्नायू. उगाच डोकं फिरतं.

शास्त्रीय नावांना घाबरायचं तर कारणच नाही. आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुनिंब अझाडिरॅक्टा इंडिका, आपला राज्यप्राणी शेकरू रटुफा इंडिका. इंडिका म्हणजे भारताचा. चिंच मुळात आफ्रिकेची, तरी तिला भारताचं नाव चिकटलंय, गंमत आहे ना! पहिला शब्द प्रजातीचा, त्याचं इंग्रजी आद्याक्षर मोठं. दुसरा जातीचा, तो सगळा लहान लिपीत. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मार. गुण इथेच जातात बघ, सोपं म्हणून.

वहीत आकृती एकच काढ आणि एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी नावं दे. शब्दांच्या नुसत्या याद्या मला कधीच पटल्या नाहीत. केंद्रक कुठे बसतं ते दिसलं, की न्यूक्लिअस वेगळं शोधावं लागत नाही. वर्गात अडलं तर बेधडक मराठीत विचार.

आणि पुढे डॉक्टर व्हायचं मनात आलं, तर वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतूनही देता येते, पण भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. भाषा कोणती निवडायची ते बारावीत फॉर्म भरताना ठरवू. त्या आधी एखाद्या रविवारी ये, आपण दोघी मिळून पेशीची आकृती काढू.