सामान्य शिक्षणाची धुरा : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या अध्यापकांचे कार्य

परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीने इतिहास का शिकावा? मोटारदुरुस्तीचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणाला निबंधलेखनाचा आणि संख्याशास्त्राचा उपयोग काय? व्यवसायशिक्षणाचा विचार जेथे जेथे होतो, तेथे हा प्रश्न उपस्थित झाल्यावाचून राहत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कम्युनिटी कॉलेजांना तर तो आरंभापासूनच सोडवावा लागला आहे. या महाविद्यालयांत सामान्य शिक्षणाचा अभ्यासक्रम कोण ठरवतो, तो कोण चालवतो आणि त्यात अध्यापकांचा वाटा कोणता, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

संस्थेची जडणघडण

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली एका माध्यमिक शाळेला जोडून उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शाळांचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारातून ही योजना साकार झाली. पहिल्या तुकडीत अवघे सहा विद्यार्थी होते. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला आपल्या गावातच, अल्प खर्चात पूर्ण करता यावीत, हा तिचा साधा हेतू होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनेला व्यापक रूप आले. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळाले आणि महाविद्यालयांवर विद्यार्थ्यांचा लोंढा आला. १९४६ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणासाठी आयोग नेमला. उच्च शिक्षणाच्या वाटेतील आर्थिक, वांशिक आणि भौगोलिक अडसर दूर व्हावेत, प्रत्येक लोकवस्तीजवळ असे महाविद्यालय असावे आणि तेथे व्यवसायशिक्षणाबरोबरच नागरिकत्वाला आवश्यक असे सामान्य शिक्षणही मिळावे, असे या आयोगाने १९४७ मध्ये आग्रहाने प्रतिपादन केले. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी झाले ते याच अहवालामुळे. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहद् आराखडा स्वीकारला. त्यानुसार गुणवत्तेतील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना राज्याचे मुख्य विद्यापीठ आणि वरच्या एक-तृतीयांश विद्यार्थ्यांना राज्य महाविद्यालये खुली झाली. कम्युनिटी कॉलेजचे दार मात्र सर्वांसाठी उघडे राहिले.

आज देशात अशी एक हजाराच्या आसपास महाविद्यालये आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. पुष्कळजण नोकरी सांभाळून, कित्येकजण मुलेबाळे सांभाळून वर्गात येतात. त्यांच्या हाती वेळ थोडा असतो. म्हणूनच येथे शिकवल्या जाणाऱ्या प्रत्येक विषयाला आपले प्रयोजन सिद्ध करावे लागते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

दोन वर्षांच्या सहयोगी पदवीसाठी साधारणतः ६० श्रेयांक लागतात. निव्वळ व्यवसायाभिमुख पदवीत सामान्य शिक्षणाचा वाटा लहान असतो. पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी तो निम्म्याहून अधिक असू शकतो. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या शरद सत्रापासून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एकच समान आराखडा लागू केला आहे. त्यात ३४ श्रेयांकांचे ११ अभ्यासक्रम आहेत : लेखन, चिकित्सक विचार व वक्तृत्व मिळून तीन, गणित किंवा संख्याशास्त्राचा एक, कला व मानव्यविद्यांचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन, निसर्गविज्ञानाचे दोन व त्यांस जोडून प्रयोगशाळा, आणि वांशिक समाजांच्या अभ्यासाचा एक.

ही यादी वाचावयास सुबोध आहे. परंतु यादी म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. विद्यार्थ्याने प्रत्येक रकान्यातून सोयीच्या वेळेचा एकेक विषय उचलला, तर श्रेयांक भरतात. पण भाषेच्या तासाला शिकलेले विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडत नाही. विखुरलेल्या विषयांची एक सुसंगत रचना करणे हे काम नियमावली करू शकत नाही. ते अध्यापकांनाच करावे लागते.

अध्यापकाच्या हाती असलेली सूत्रे

सामान्य शिक्षणाची धुरा वाहण्यासाठी बहुतेक ठिकाणी एखाद्या अध्यापकाची समन्वयक म्हणून निवड होते. पूर्णवेळ अध्यापकाला एका सत्रात साधारणतः पाच अभ्यासक्रम शिकवावे लागतात. समन्वयकाला त्यांपैकी एखाद्या वर्गातून सूट मिळते आणि त्या मोकळ्या वेळात त्याने पुढील कामे करावीत अशी अपेक्षा असते : नव्या विषयांची छाननी करणे, कोणत्या विषयातून विद्यार्थ्याने काय साध्य करावे हे शब्दबद्ध करणे, वेळापत्रकात परस्परपूरक विषय एकमेकांवर आदळू न देणे, नवागत अध्यापकांना मार्गदर्शन करणे, आणि आपले श्रेयांक विद्यापीठाने मान्य करावेत यासाठी तेथील विभागांशी पत्रव्यवहार करणे. या पदाला अधिकार थोडा आणि जबाबदारी मोठी. सहकाऱ्यांना आज्ञा देता येत नाही. त्यांचे मन वळवावे लागते.

कॅलिफोर्नियात या कामाला कायद्याचा आधार आहे. १९८८ च्या कायद्याने तेथील अध्यापकसभांना शैक्षणिक बाबींत निश्चित स्थान दिले. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणांकनाचे धोरण, विद्यार्थ्यांच्या यशाची मानके, शैक्षणिक कार्यक्रमांचा आढावा आदी बाबींत नियामक मंडळाने अध्यापकसभेचा सल्ला प्रामुख्याने मानावा, अथवा तिच्याशी परस्परसंमतीने निर्णय घ्यावा, असे तदनंतरचे नियम सांगतात.

एक पाठ : नळाचे पाणी

सुसंगत रचना म्हणजे काय, हे उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी आपल्या पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी घेण्यास प्रारंभ केला. नळांची झीज रोखणारे रसायन त्या पाण्यात मिसळले गेले नाही. परिणामी जुन्या नळांतील शिसे पिण्याच्या पाण्यात उतरले. ही घटना एका सत्रात तीन-चार विषयांचे अध्यापक मिळून शिकवू शकतात.

रसायनशास्त्राचा अध्यापक नळाच्या आतल्या बाजूस जमणारे संरक्षक अस्तर कसे तयार होते व कसे विरघळते, हे प्रयोगाने दाखवील. शासनशास्त्राचा अध्यापक त्या काळी शहराचा कारभार निर्वाचित मंडळाऐवजी राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे होता, ही बाब विद्यार्थ्यांपुढे ठेवील. संख्याशास्त्राच्या तासाला तर हा विषय विशेष उद्बोधक ठरतो. तत्कालीन संघीय नियमानुसार घराघरांतील नमुने चढत्या क्रमाने लावून नव्वद टक्क्यांच्या स्थानी येणारा आकडा पाहिला जाई. तो १५ भाग प्रतिअब्ज या मर्यादेवर गेल्यास कार्यवाही बंधनकारक होती. २०१५ च्या पूर्वार्धात फ्लिंटमध्ये ७१ नमुने घेण्यात आले. त्यांपैकी शिशाचे प्रमाण अधिक असलेले दोन नमुने अहवालातून वगळण्यात आले आणि ६९ नमुन्यांवरून निघालेला आकडा मर्यादेच्या आत राहिला. ७१ नमुन्यांत नव्वद टक्क्यांचे स्थान चौसष्टाव्या नमुन्यापाशी येते. ते दोन काढताच ते बासष्टाव्यापाशी सरकते. दोन आकडे गाळल्याने संपूर्ण शहराचे चित्र कसे पालटते, हे विद्यार्थ्याला स्वतः मांडणी करून कळते. अखेरीस भाषेचा अध्यापक त्याच विद्यार्थ्याकडून नगरपरिषदेला उद्देशून साधार निवेदन लिहवून घेईल.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. परिचारिकेला रुग्णाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढावी लागते, अहवालातील आकड्यांवर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवावे लागते, आणि घाबरलेल्या आईला समजेल अशा भाषेत बोलावे लागते. ही तिन्ही कामे तिच्या व्यवसायातीलच आहेत. परंतु त्यांची पूर्वतयारी सामान्य शिक्षणाच्या वर्गात होते.

दोन प्रयोग

फ्लोरिडातील मायामी-डेड महाविद्यालयाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या सामान्य शिक्षणाची पुनर्रचना केली. रॉबर्ट मॅककेब यांच्या पुढाकाराने झालेल्या या सुधारणेत सर्व पदवी-विद्यार्थ्यांसाठी समान गाभा ठरवण्यात आला. त्याचबरोबर प्रगतीची किमान मानके निश्चित झाली आणि सत्राच्या मध्यालाच प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची उपस्थिती व प्रगती कळवणारे, संगणकाने तयार केलेले पत्र जाऊ लागले. दार सर्वांना उघडे ठेवावयाचे आणि आतील शिक्षणाची पातळीही राखावयाची, हा दुहेरी संकल्प त्यामागे होता. दोहोंमधील ताण आजही संपलेला नाही.

दुसरा प्रयोग न्यू यॉर्क शहरातील किंग्सबरो कम्युनिटी कॉलेजचा. तेथे २००३ ते २००५ या काळात सुमारे १,५०० नवागत विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील विद्यार्थी नेहमीप्रमाणे शिकले. दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांच्या पंचवीसपर्यंतच्या तुकड्या केल्या गेल्या. इंग्रजी, एक अन्य विषय आणि महाविद्यालयाची ओळख असे तीन वर्ग त्यांनी पहिल्या सत्रात एकत्र घेतले. तिन्ही अध्यापकांनी परस्परांशी विचारविनिमय करून आपले पाठ जुळवून घ्यावेत, अशी योजना होती. जादा मार्गदर्शन आणि पुस्तकांसाठी अर्थसाहाय्यही होते. सहा वर्षांनंतर पाहिले असता या गटातील पदवीधरांचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४.६ टक्क्यांनी अधिक आढळले. एका सत्राच्या उपक्रमाचा परिणाम इतका काळ टिकावा, ही उल्लेखनीय गोष्ट होय.

तथापि या यशाचा विचार सावधपणे करावयास हवा. अन्य महाविद्यालयांत अशाच जोडवर्गांची पाहणी झाली, तेव्हा परिणाम बरेच अल्प दिसले. विद्यार्थ्यांना एका खोलीत एकत्र बसवणे सोपे आहे. अध्यापकांना एकत्र बसवून त्यांचे पाठ जुळवणे कठीण आहे. विषय कागदोपत्री जोडलेले आणि शिकवणे पूर्ववत्, अशी अवस्था झाल्यास जोडवर्गाचे नाव तेवढे उरते.

मार्गातील अडचणी

पहिली अडचण मनुष्यबळाची. या महाविद्यालयांतील सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक अर्धवेळ आहेत, आणि सामान्य शिक्षणाचे वर्ग मोठ्या संख्येने त्यांच्याकडेच असतात. कॅलिफोर्नियात अशा अध्यापकाला एका जिल्ह्यात पूर्ण कार्यभाराच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येते. साहजिकच अनेकजण सकाळी एका आणि सायंकाळी दुसऱ्या महाविद्यालयात शिकवतात. महामार्गावर सदैव धावणारे म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ असे नाव पडले आहे. सभेला बसण्याचा मोबदला मिळत नसेल, तर त्यांनी अभ्यासक्रमाच्या बैठकीस यावे कसे?

दुसरी अडचण श्रेयांकांच्या मान्यतेची. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेल्याचा अंदाज संघीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिला. वाया गेलेला प्रत्येक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याने भरलेले शुल्क आणि कामावरून परतल्यावर जागवलेली रात्र. २०१५ मध्ये कम्युनिटी कॉलेजात दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थीच पुढे विद्यापीठात पोहोचले आणि त्यांतील जवळपास निम्म्यांनी सहा वर्षांत पदवी घेतली. ही संख्या वाढवणे हे समन्वयक अध्यापकाच्या पत्रव्यवहारावरही अवलंबून आहे.

आपल्या संदर्भात

हा विचार आपल्याला परका नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात पदवी-अभ्यासक्रमात सामान्य शिक्षणाचा अंतर्भाव करण्याची शिफारस केली होती. आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ त्या आयोगाचे सदस्य होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आरंभिली. पाठोपाठ आलेल्या बी. व्होक. पदवीच्या आराखड्यात वर्षाच्या ६० श्रेयांकांपैकी ३६ कौशल्यासाठी आणि २४ सामान्य शिक्षणासाठी राखण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही मुख्य विषयाबाहेरील अभ्यासक्रमांना स्थान मिळाले आहे.

श्रेयांकांची वाटणी परिपत्रकाने होऊ शकते. परंतु त्या २४ श्रेयांकांत काय घडते, हे शिकवणाऱ्यांवर अवलंबून राहील. अमेरिकेच्या अनुभवातून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. समन्वयाचे काम ज्याच्यावर सोपवावयाचे, त्याच्या अध्यापनभारात तेवढी सूट द्यावी. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना अभ्यासक्रमाच्या बैठकीत स्थान आणि त्या वेळेचे मानधन मिळावे. आणि विषय जोडताना आपल्या परिसरातील एखादा प्रश्न मध्यभागी ठेवावा. गावच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी-अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतोच. तो रसायनशास्त्राच्या, गणिताच्या आणि मराठीच्या अध्यापकांनी एकाच आठवड्यात वर्गात नेला आणि विद्यार्थ्यांनी त्याचे वाचन ग्रामसभेत केले, तर सामान्य शिक्षणाचा उपयोग काय, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.